पानथरीची हद्द

डॉक्टर म्हणाले, "श्वास आत घ्या," आणि बिल्टू सहनीनं घेतला. सोडायचं सांगायला डॉक्टर विसरले, म्हणून त्यानं सोडला नाही.

तो बाकावर उताणा पडला होता, गुडघे दुमडून, लुंगी कमरेखाली सारून. डॉक्टरांची बोटं बेंबीच्या खालून निघाली आणि तिरपी तिरपी डाव्या बरगडीकडे सरकत गेली. वाटेतच आतून काहीतरी कठीण, गुळगुळीत येऊन त्या बोटांना टेकलं. डॉक्टर वयानं लहान होते. त्यांनी पुन्हा चाचपलं, मान डोलावली, पुन्हा चाचपलं. मग त्यांचं लक्ष बिल्टूच्या तोंडाकडे गेलं. डोळे मिटलेले, छाती थांबलेली.

"हा श्वास का घेत नाहीये?"

"घेतलाय की," बाकाजवळ उभी असलेली त्याची बायको तेतरी म्हणाली. "तुम्हीच घ्यायला लावला."

"मग सोड म्हणावं त्याला!"

"तुम्ही म्हणा. माझं ऐकत नाहीत ते."

नर्सबाई ऑक्सिजनची नळी आणायला उठल्या. नळी दुसऱ्या खोलीत होती, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कंपाउंडरच्या खिशात बसून चहा प्यायला गेली होती. एवढ्यात डॉक्टर "सोड, सोड" म्हणून ओरडले, तसा बिल्टूनं सायकलच्या ट्यूबसारखा श्वास सोडला आणि डोळे उघडून विचारलं, "झालं?"

"बुडी मारणारा माणूस आहे, साहेब," रंजू दीदी म्हणाली. ती गावची आशा सेविका. छत्री, पिशवी आणि तुटलेली चप्पल असं सगळं एका हातात धरून दारापाशी उभी होती. "चौरात मखाना काढतो. पाण्याखाली गेला की मालकसुद्धा त्याला विसरून जातो. ताप महिना उलटून गेला तरी हटत नाही. रंग बघा कसा काळवंडलाय. भात पुढ्यात ठेवला की तोंड फिरवतो. मला काळाआजारच वाटतो."

"पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगलीच वाढलीय. चार बोटं उतरलीय." डॉक्टरांनी हात धुतले. "बोटाला टोचून पट्टीवर थेंब टाकला की कळतं. पण पट्ट्या संपल्यात."

"कधी येणार?"

"येतील तेव्हा."

"मग जिल्ह्याला पाठवा ना, साहेब."

"तपासल्याशिवाय पाठवला तर तिथले माझ्याकडेच परत पाठवतात. मागं एका म्हाताऱ्याला पाठवलं होतं. तो दोनदा जाऊन आला आणि दोन्ही खेपेला छत्री हरवून आला." डॉक्टर थोडा वेळ बिल्टूच्या पोटाकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि पानथरीची कड जिथं लागली होती तिथं, बरगडीच्या खाली, कातडीवर एक आडवी रेघ ओढली. बिल्टूला गुदगुल्या झाल्या, पण तो हसला नाही. सरकारी जागा होती.

"हे बघ, बाई," डॉक्टर तेतरीला म्हणाले. "पानथरी या रेघेच्या पुढं गेली की एक दिवससुद्धा थांबायचं नाही. पट्ट्या असोत नसोत, मी गाडी करून पाठवतो. पाण्यात उतरणं बंद. पोटाला धक्का लागता कामा नये. आत फुटली तर गाडी येऊनही उपयोग नाही, माणूस हातचा जाईल. आणि रेघेवर लक्ष ठेवायचं. पुसू द्यायची नाही. तुझ्यावर सोपवलंय."

तेतरीनं पदर सारखा केला. शिकल्या माणसानं तिच्यावर काही सोपवायची ही पहिलीच वेळ होती. ती म्हणाली, "नाही पुसू देणार."

---

गावाच्या खालच्या अंगाला चौर होता. पावसाळ्यात तळं, उन्हाळ्यात शेत. जमीन चौधरीबाबूंची, पाणी मल्लाहांचं, म्हणजे बिल्टूसारख्या नावाड्यांचं. आजा-पणजाच्या काळात हे असंच ठरलं होतं आणि त्यात एकच अडचण होती. पाणी एका जागी बसत नाही. कमला नदी फुगली की चौर रात्रीत पसरतो, ऊन पडलं की आक्रसतो. म्हणून रोज सकाळी पाण्याच्या काठाला वेताच्या खुंट्या ठोकायच्या. पाणी जिथं, खुंटी तिथं. आतल्या अंगाला मल्लाह मखाना काढणार, बाहेरच्या अंगाला बाबूंची गाय चरणार.

लग्न होऊन आल्यापासून हे काम तेतरीकडे होतं. बाबूंचा मुंशी धोतर वर धरून कोरड्यात उभा राहायचा आणि ती घोटाभर पाण्यात वाकून खुंट्या उपटायची आणि पुढं नेऊन ठोकायची. भादव्यात पाणी चढत होतं. मुंशीचा चेहरा उतरत होता.

"किती पुढं आणशील, तेतरी? उद्या माझ्या चुलीत ठोकशील खुंटी."

"पाणी आलं तर ठोकीन, मुंशीजी."

"कालची काल होती तिथंच राहू दिली तर काय बिघडतं?"

"कालच्या जागी ठेवणं म्हणजे चोरी," तेतरी म्हणायची आणि ठोकायची. तिच्या सासूनं तिला एवढं एकच शिकवलं होतं. आळस करून खुंटी कालच्या जागी ठेवणारी बाई एक तर स्वतःच्या घराला लुबाडते, नाही तर दुसऱ्याच्या.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच सकाळी ती खुंट्या ठोकून घरी आली, तर बिल्टू घामानं निथळत उठला होता आणि निळी रेघ निम्मी गेली होती.

"अहो, झोपा उताणे."

"आता काय?"

"रेघ गेलीय. श्वास घ्या. आणि सोडायचा, मी सांगायची वाट बघू नका."

डॉक्टरांची बोटं कशी सरकली होती ते तिनं डोळ्यांत साठवून आणलं होतं. बेंबीच्या खालून, तिरपी, वर. कड लागली. नदीच्या काठाला पाय लागावा तशी, आधी मऊ, मग एकदम घट्ट. तिनं कोनाड्यातली आलत्याची बाटली उतरवली. छटपूजेला पायांना लावायला आणलेली होती. केरसुणीची काडी त्यात बुडवली आणि कड जिथं लागली बरोबर तिथं लाल रेघ ओढली. निळ्याचा उरलेला तुकडा किंचित वर राहिला. तो तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकला. दोन खुंट्या ठेवल्या की भांडणं होतात.

"झालं?" बिल्टूनं विचारलं.

"झालं. ओलांडली नाही."

"मग मी जातो चौरात."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"जड काम नको म्हणालेत असणार. पाण्यात सगळं हलकंच असतं."

तेतरीनं दोरीवरचा गमछा काढून त्याला दिला. चौराचा दुसरा नियम तिलाही माहीत होता. ज्या घरचा माणूस पाण्यात उतरत नाही त्याच्या वाट्याचा पाण्याचा पट्टा शेजारच्या पट्ट्यात जातो. शेजारचा पट्टा बिल्टूच्या चुलतभावाचा, रामउदगारचा होता. रामउदगार बिल्टूच्या तब्येतीची चौकशी करायला रोज यायचा आणि बिल्टू उठून बसलेला दिसला की पडल्या चेहऱ्यानं परत जायचा.

---

मखान्याची पानं परातीएवढी, वरून हिरवी, खालून काट्यांची. फळं फुटून बिया तळाच्या चिखलात जाऊन बसतात. बुडी मारायची, चिखलात हातांनी चाचपत बिया गोळा करायच्या, बांबूच्या टोपलीत ओढायच्या, वर यायचं, गाळ धुवायचा, पुन्हा जायचं. कानातून पाणी, नाकातून पाणी, नखांखाली काटे. बिल्टूनं पोटाला गमछा तिहेरी गुंडाळला. पोटासाठी नव्हे, रेघेसाठी.

काठावर तेतरी आणि सासू लोखंडी कढईत बिया भाजायच्या. बी तडकायला आली की चिमटीत धरून पाटावर ठेवायची आणि लाकडी थापीनं एकच घाव घालायचा. काळ्या बीतून पांढरी लाही उडायची. तेतरीच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. ती घाबरायची, या बोटांना कड नीट लागत असेल ना?

लागत होती. रोज थोडी पुढं लागत होती.

ती रोज तितकीच पुढं रेघ ओढायची आणि सासूला सांगायची, "आजही ओलांडली नाही, माय."

"कासव आहे ते," सासू म्हणायची. तिच्या मते पानथरी म्हणजे पोटात शिरलेलं कासव, चौरातलं. "चाललंय हळूहळू. त्याला घाई नसते."

"चालू दे. रेघेच्या आत चालतंय ना?"

बिल्टूचे हात काटक्या झाले, गालफडं बसली, पोट तेवढं पुढं आलं. गावात त्याचा वेगळाच परिणाम झाला. लांबून बघणाऱ्याला तो सुखवस्तू वाटायला लागला. चौधरीबाबूंच्या नव्या जावयानं त्याला ठेकेदार समजून खुर्ची दिली. तो बसला, पाणीसुद्धा प्यायला. कोण आहे ते कळल्यावर जावयानं काही न बोलता खुर्ची धुऊन घेतली. खुर्ची वाळेपर्यंत बिल्टू तिथंच ओट्याखाली बसून राहिला, कारण त्याच्यानं उठवतच नव्हतं.

"कितवा महिना, बिल्टू?" रामउदगार पाण्यातून ओरडायचा.

"तुझ्या पोराबरोबरच होईल," बिल्टू म्हणायचा. पूर्वी तो असं बोलला की पाण्यात दंगा उसळायचा. आता तो बोलायचा आणि मग बराच वेळ टोपलीला धरून नुसता उभा राहायचा.

संध्याकाळी ताप चढला की तो चुलीपाशी दोन गोधड्यांत थरथरायचा. तेतरी त्याचे पाय दाबायची. मनात तिला बरं वाटत नव्हतं. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता. पण डॉक्टरांनी वाळण्याचं काही सांगितलं नव्हतं. रेघेचं सांगितलं होतं. आणि रेघेत कुठं चूक नव्हती. ती रात्री पुन्हा एकदा चाचपायची. बरोबर रेघेवर. एक केसभर पुढं नाही.

"जाऊया का दवाखान्यात?" एकदा तिनं विचारलं.

"रेघ ओलांडली?"

"नाही."

"मग त्यांना काय सांगणार? उगीच आलो म्हणून?" बिल्टूनं कूस बदलायला बघितलं, पण डाव्या अंगावर त्याला आता वळता येत नव्हतं. "रंजू दीदी अर्धा दिवस घालवते. ते छोटे डॉक्टर ओरडतात. पट्टाही जाईल. ओलांडू दे, मग जाऊ."

---

हस्त नक्षत्राच्या पावसानं चौर इतका पसरला की मुंशीनं काठावर यायचंच सोडलं. त्या सकाळी तेतरी एकटीच खुंट्या ठोकत होती. बांधावरून रंजू दीदी आली. छत्री उलटी झालेली, चप्पल दोरीनं बांधलेली.

"पट्ट्या आल्या!" तिनं लांबूनच हाळी दिली. "बिल्टू कुठाय? आणि रेघेचं काय झालं? मला मध्ये यायलाच जमलं नाही गं. फवारणीवाल्यांच्या मागं घरोघर हिंडत होते, मग माझीच पोरगी तापली. ओलांडली नाही ना?"

"नाही, दीदी." तेतरीनं कंबर सरळ केली. सगळ्या पावसाळ्यात तिनं इतक्या समाधानानं काही सांगितलं नव्हतं. "एक दिवससुद्धा नाही. पुसूही दिली नाही."

रंजू दीदीनं हुश्श केलं. "शहाणी गं बाई तू. डॉक्टरांनी दुसऱ्या तापकऱ्यांनाही रेघा ओढल्या होत्या, एकाच्याही पोटावर राहिली नाही."

बिल्टू पाण्यात होता. त्यांनी हाका मारल्या. रामउदगारनं बोट करून दाखवलं, तिथं बुडबुडे येत होते. मग तो वर आला. टोपली रिकामी होती आणि नाकातून रक्त येत होतं. त्याला ते कळलं नव्हतं. पाणीच आहे असं समजून तो हातानं पुसत होता. दोघींनी त्याला धरून काठावर आणलं आणि मखान्याच्या ढिगाला टेकवून बसवलं. रंजू दीदीनं गमछा सोडला.

गमछ्याच्या खाली बेंबी होती. बेंबीच्या पलीकडे, उजव्या अंगाला, लाल रेघ होती. ताजी, सुबक, कडेनं एकही थेंब न ओघळलेली.

रंजू दीदी बघत राहिली. मग तिनं बरगडी शोधली, बरगडीखालची जागा शोधली, पुन्हा रेघ बघितली.

"तेतरी, रेघ इथं होती?"

"तेव्हा वर होती."

"मग इथं कशी आली?"

"आणली," तेतरी म्हणाली. हा काय प्रश्न झाला, असं तिला वाटलं. "रोज आणते. कड जिथं लागेल तिथं."

रंजू दीदी चिखलात बसली. साडीसकट. तिला काहीतरी मोठ्यानं बोलायचं होतं, पण सकाळपासून ती इतकी चालली होती की आवाजच निघेना. तिनं तेतरीच्या हातातली वेताची खुंटी बघितली. मागं काठानं गेलेली खुंट्यांची ओळ बघितली, पाण्याला अगदी लागून, एकही खुंटी बुडालेली नाही, एकही कोरडी नाही. ती याच गावची होती. तिला कळलं.

"अगं, ती तिथंच ठेवायची होती," ती हळूच म्हणाली. "हलवायची नव्हती. कड पुढं जाते का ते बघायला होती ती."

"तिथंच?"

"हो."

"पाणी पुढं आलं तरी?"

"हो गं बाई."

तेतरीनं बिल्टूच्या पोटाकडे बघितलं. लाल रेघेच्या वर आणखी रेघा होत्या. रोज पुसल्या तरी आलत्याचा डाग पुरता जात नाही. फिकट गुलाबी, एकाखाली एक, बरगडीपासून बेंबीपर्यंत उतरत आलेल्या. पाणी चढताना भिंतीवर ठेवून जातं तशा. तिनं त्या रोज बघितल्या होत्या.

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी ओलांडली होती," ती म्हणाली.

रामउदगार छातीएवढ्या पाण्यात उभा होता. तो एकदम म्हणाला, "खाट आणतो," आणि खरंच धावला.

---

खाट होडीत आडवी ठेवली. होडीला ती पेलेना, म्हणून सासूला काठावर ठेवलं. ती काठानं चालत, ओरडत येत राहिली, "धक्का देऊ नका रे, कासव फुटेल." रामउदगारनं इतकी जपून होडी वल्हवली की एक म्हैस त्यांच्या पुढं पोहत निघून गेली. बिल्टूनं एकदा डोळे उघडून विचारलं, "पट्ट्यात कोण उतरलंय?" रामउदगार वल्हं मारत राहिला.

दवाखान्यात बोटाला टोचलं. पट्टीवर थेंब टाकला. आधी एक रेघ उमटली. छोटे डॉक्टर, नर्सबाई, रंजू दीदी, सगळे पट्टीवर वाकून बसले. मग शेजारी दुसरी रेघ उमटली.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "काळाआजार." त्यांनी पोट तपासलं. या वेळी श्वास घ्यायला सांगितलं नाही, हातही फार हलका लावला. पापणी ओढून बघितली, आत पांढरीफटक होती. "रक्त राहिलंच नाहीये याच्यात. पाण्यात जात होता?"

तेतरीनं ओला गमछा पाठीमागं धरला.

"मी काय सांगितलं होतं तुला?" ते तेतरीवर ओरडले. "रेघेच्या पुढं गेली की यायचं! एवढंसुद्धा—"

"गेली नाही, साहेब," तेतरी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी जाऊ दिली नाही."

रंजू दीदीनं डॉक्टरांना बाजूला नेऊन सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण डॉक्टर शहरातले होते आणि चौरापासून सुरुवात करावी लागली. ऐकून झाल्यावर ते परत आले, तेव्हा ओरडले नाहीत. त्यांनी गाडीसाठी फोन लावला. गाडीवाला जेवत होता. "तसाच ये, हात धुऊ नकोस," ते म्हणाले, आणि मग स्वतः बिल्टूच्या उशाशी उभे राहून जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलले, नाव, ताप, रक्त, पट्टी. पानथरी किती, असं पलीकडून विचारलं असावं. त्यांनी पोटावरच्या फिकट रेघांकडे बघितलं आणि म्हणाले, "खूप. ठेवून घ्या. परत पाठवू नका."

---

जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला रक्त चढवलं, मग थंड पेटीतून काढलेलं पिवळं औषध नळीनं थेंब थेंब सोडलं. तेतरी खाटेखाली झोपायची. वर कण्हणं थांबलं की उठून बघायची, पुन्हा सुरू झालं की झोपायची. गावाकडून रामउदगारचा फोन आला. पट्टा नियमाप्रमाणं त्याच्याकडे गेला होता. तो म्हणाला, "भौजी, निम्मा मखाना मी तुमच्या अंगणात टाकतो." मग म्हणाला, "निम्मा नाही जमला तर थोडा कमी." तेतरी म्हणाली, "बरं." तिला भांडायचं होतं, पण बसायचं जास्त होतं.

एका सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. ताप उतरला होता. त्यांनी पोट चाचपलं, कड सापडली, आणि खिशातून काळं पेन काढून रेघ ओढली. "आता ही इथून मागं सरकायला हवी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

"बाई," तेतरीनं हाक मारली.

"काय गं?"

"ही रेघ पाण्याची का जमिनीची?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. रात्रभर जागलेल्या नातेवाइकांचं असं होतं, हे त्यांना माहीत होतं. "तू थोडी झोप," त्या म्हणाल्या.

"जमिनीची," बिल्टू उशीवरून म्हणाला. "हलवू नकोस."

मग तेतरीनं हलवली नाही. घामानं ती फिकी व्हायला लागली तेव्हा शेजारच्या खाटेवाल्याच्या पोरीकडून पेन मागून तिनं त्याच रेघेवर, श्वास धरून, अक्षर गिरवावं तशी रेघ गिरवली. हात इकडेतिकडे जाऊ नये म्हणून डावा हात उजव्याला धरायला लावला. बोटांनी कड शोधायची मात्र तिनं सोडून दिली. आपल्या बोटांवर तिचा भरवसा राहिला नव्हता.

शेवटी बिल्टूनंच तिचा हात धरून पोटावर ठेवला. "बघ तरी."

"मला नको."

"बघ."

तिनं बेंबीच्या खालून बोटं सरकवत नेली. तिरपी, वर. रेघ आली. रेघेखाली काही लागलं नाही. मऊ. ती आणखी थोडी वर गेली. मग कड लागली, आधी मऊ, मग घट्ट. रेघ आणि कड यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती. नुसतं पोट, सैल, सुरकुतलेलं, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलासारखं.

तेतरीनं तिथं हात ठेवला आणि तसाच ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बिल्टूनं ते बघितलं आणि छताकडे बघितलं.

"जमीन उघडी पडली," तो म्हणाला. "मुंशीला सांगू नकोस."